फियाट उभी आहे, पैसे चाललेत, पासिंगचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय 41, नाशिकजवळ राहतो, खाजगी नोकरी. लहानपणापासून फियाटचं वेड. दीड वर्षापूर्वी निफाडकडच्या एका वाड्याच्या पडवीत उभी असलेली 1978 ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाटच) 65 हजारांना घेतली. आरसी ज्यांच्या नावावर आहे ते आजोबा वारलेत, त्यांच्या थोरल्या मुलाने पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं. पासिंग 2008 ला संपलंय. आरसी बुक कसरीने खाल्लंय पण नंबर वाचता येतात, नंबर नाशिकचाच, जुना तीन अक्षरी. आतापर्यंत पत्र्याचं काम, सीट, क्रोमचे बंपर यात 1 लाख 40 हजार गेले. इंजिन जाम आहे, मेकॅनिक म्हणतो मारुतीचं टाकू, अजून दीड लाख लागतील. एजंट म्हणतो ही गाडी पास होणार नाही, 60 हजार द्या, भंगारात गेलेल्या दुसऱ्या पद्मिनीचे कागद हिच्यावर चढवून देतो. मित्र म्हणतो 15 वर्षांवरच्या गाड्या तशाही बंद होणारेत, त्यापेक्षा 2028 ला 50 वर्षं झाली की विंटेजमध्ये टाक, कटकट मिटेल. बायकोला यात काडीचा इंटरेस्ट नाही, परवा म्हणाली, 'दीड वर्ष झालं, यात बसायचं कधी?' मला फक्त रविवारी त्र्यंबकला नाहीतर कसाऱ्यापर्यंत चालवायचीये. पुढे जाऊ, थांबू की विकून टाकू? ता.क. मूळ क्रीम रंग काढून लाल-काळा डबल कलर करायचाय."

उत्तर:

नमस्कार फियाटवाले,

पत्रात जे सगळ्यात आधी खटकलं ते आधी सांगून टाकतो. बंपरला क्रोम झालंय आणि कागदाला अजून कुणी हातही लावलेला नाही. तुम्ही विचारताय पुढे जाऊ की थांबू, पण तुम्ही अजून पुढे गेलेलाच नाही आहात, बाजूला गेलायत. रस्त्यावर चालणारी गाडी आणि शेडमध्ये उभी असलेली सुंदर गाडी यात फरक फक्त कागदाचा आणि ब्रेकचा असतो, आणि नेमक्या त्या दोन्हींवर तुमचा अजून एक रुपया खर्च झालेला नाही. म्हणून आजपासून गॅरेजवाल्याला सांगा, काम बंद. कायमचं नाही, कागदाचं कळेपर्यंत. त्याला राग येईल, येऊ दे, हिशोब करून आतापर्यंतचे पैसे देऊन टाका म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात अडकून राहणार नाही.

आता एजंट. एजंट लावणं हे काही पाप नाही, आरटीओत रांगा लावायला ज्याला वेळ नाही तो एजंट लावतो, फी घेतो, काम करतो, ठीक आहे. पण हा माणूस तुम्हाला वेगळीच वस्तू विकतोय. दुसऱ्या गाडीचे कागद हिच्यावर चढवायचे म्हणजे काय करायचं हे जरा त्यालाच विचारा. एकतर हिचा चेसिस नंबर घासून तिथे तिचा ठोकायचा, नाहीतर तिकडचा नंबरवाला पत्रा कापून इकडे वेल्डिंग करायचा. दोन्ही फौजदारी गुन्हे आहेत आणि गुन्हा नुसता एजंटवर नाही, गाडी ज्याच्या दारात आणि ज्याच्या नावावर त्याच्यावरही लागतो. वर, त्या मेलेल्या गाडीवर काय काय आहे, जुनी केस, बँकेचं कर्ज, ते सगळं तुमच्या अंगावर येतं. आणि समजा खपून गेलं, चार वर्षांनी घाटात कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनीचा माणूस पहिलं काम करतो ते चेसिस नंबर बघण्याचं. रविवारच्या हौसेसाठी एवढी टांगती तलवार कोण बाळगतं? नाही म्हणून सांगा आणि विषय संपवा.

आणि मुळात तो म्हणतो ते खरं कशावरून? "पास होणार नाही" हे त्याने कागद बघून सांगितलंय की गाडी बघून? मला वाटतं दोन्ही न बघता. मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं आणि पुढे दर 5 वर्षांनी ते वाढवून मिळतं, किती वेळा वाढवायचं याला मर्यादा नाही. तुमची 1978 ची आहे, 1993, 1998, 2003 अशी ती वेळच्या वेळी पास होत आली असणार, 2008 ला कुणी नेली नाही. एवढंच. गाडी मेलेली नाही, तिचा कागद झोपलाय.

मित्राचं जे चाललंय ना, 15 वर्षांवरच्या गाड्या बंद, ते दिल्लीचं आहे. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवाद आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनी बंदी आली आणि त्यावर नंतरही बरीच उलटसुलट झाली, व्हॉट्सॅपवर ते फिरत फिरत आपल्याकडे "सगळ्या देशात बंद" होऊन पोचलं. महाराष्ट्रात खाजगी गाडीला नुसत्या वयावरून बंदी नाही. मुंबईत 20 वर्षांची मर्यादा होती ती टॅक्सीला, आणि त्या नियमानेच शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, कारण ती ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 ला पास झालेली होती. ते सगळे फोटो, त्या भावुक पोस्टी वाचून लोकांना वाटलं पद्मिनीच बंद झाली. टॅक्सी गेली हो, पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी, पद्मिनीला कुणी हात लावलेला नाही.

आता विंटेजचं, कारण मला वाटतं तुमचा खरा जीव तिथे अडकलाय, दोनेक वर्षं थांबलं की सगळं आपोआप सुटेल असं. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्याने नोंदणी केली तर फी 20 हजार, 10 वर्षं चालते, पुढचं रिन्यूअल 5 हजार. नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. इथपर्यंत छान वाटतं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच. धंद्यासाठी तर अजिबात नाही. म्हणजे तुम्हाला जे करायचंय, रविवारी सकाळी आई-वडलांना मागे बसवून त्र्यंबक, ते विंटेज नंबरवर नेमकं चालणार नाही! वर्षातून एखाद्या रॅलीला न्यायची आणि एरवी झाकून ठेवायची, अशी ज्यांची गाडी आहे त्यांच्यासाठी ती सोय आहे, आणि त्यांच्यासाठी चांगलीच आहे. तुमच्यासाठी नाही.

आणखी एक गंमत बघा. विंटेजला गाडी मूळ रूपात लागते, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको. आणि तुम्ही एकीकडे 2028 ची वाट बघायची म्हणताय आणि दुसरीकडे मेकॅनिक मारुतीचं इंजिन बसवायला निघालाय. हे दोन्ही एकाच गाडीत होत नाही. शिवाय विंटेजला गेलात तरी मालकीचा प्रश्न जिथे आज आहे तिथेच राहतो, आजोबा 2028 ला पण वारलेलेच असणार. थांबून कागद पिकत नाहीत, उलट सह्या करणारी माणसं म्हातारी होतात.

म्हणून आधी मालकी. पाचशेचा स्टॅम्प तुमच्याकडे आहे तो फाडून टाकू नका, पण त्यावर गाडी नावावर होत नाही, कारण थोरल्या मुलाने जी गाडी विकली ती त्याच्या एकट्याची नव्हती. मालक वारला की गाडी आधी वारसांकडे येते, त्यासाठी फॉर्म 31 आहे, मृत्यूचा दाखला लागतो, वारस कोण कोण आहेत त्याचा कागद आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. मग वारसाकडून तुमच्या नावावर, ते फॉर्म 29 आणि 30. तुम्ही पत्रात एका मुलाचंच लिहिलंय, पण निफाडच्या वाड्यातल्या आजोबांना एकच मूल असेल असं मला तरी वाटत नाही, एखादी बहीण इंदूरला दिलेली असेल, एखादा भाऊ पुण्यात असेल. आधी हे शोधा. एका रविवारी गॅरेजला न जाता निफाडला जा, पेढे घेऊन जा, गाडीचे जुने फोटो असतील तर मागा, आणि सगळ्यांच्या सह्या लागतील हे सरळ सांगा. तुम्ही गाडी चालती करणार आहात, भंगारात देणार नाही, हे ऐकलं की बहुतेक माणसं सही करतात. क्वचित कुणी म्हणतं की मला माझा वाटा द्या, तर तिथे आकडा ठरवा आणि लिहून घ्या, पण त्याआधी अजून एक रुपया गाडीवर घालू नका. वारसाने मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे, तो कधीच चुकलाय, त्यामुळे उशिराचं थोडंफार भरावं लागेल ते धरून चला.

ह्याच्याच बरोबरीने, म्हणजे सह्या गोळा होईपर्यंत, आरटीओत एक चक्कर मारा आणि गाडीची माहिती काढा. तीन अक्षरी नंबराच्या गाड्या बऱ्याचदा सरकारच्या ऑनलाइन वाहन पोर्टलवर चढलेल्याच नसतात, 1989 मध्ये एमएच सिरीज सुरू व्हायच्या आधीचं सगळं रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेलं. पोर्टलवर नंबर टाकला आणि काही आलं नाही तर घाबरू नका, त्याचा अर्थ गाडी बोगस आहे असा नाही, तिची बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद पोर्टलवर चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी बुक सोन्यासारखं आहे, कसरीने खाल्लं असलं तरी, त्याचा प्रत्येक पानाचा स्वच्छ स्कॅन आजच करून ठेवा. आणि त्या पुस्तकात तीन गोष्टी शोधा. पहिली, कुठे बँकेचा किंवा फायनान्सवाल्याचा शिक्का आहे का, म्हणजे एचपी (हायपोथिकेशन, गाडीवरच्या कर्जाची नोंद) चढलेली आहे का. 1978 ला गाडी कर्जावर घेतली, कर्ज फिटलं, पण एचपी उतरवायला कुणी गेलंच नाही, असं फार बघायला मिळतं, आणि मग ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि एनओसी कुणाकडे मागायची हेच कळत नाही. शिक्का असेल तर हे काम पहिलं हातात घ्या कारण याला सगळ्यात जास्त वेळ जातो. दुसरी, टॅक्स कुठपर्यंत भरलाय. तिसरी, गाडीचं नाव काय लिहिलंय, रंग काय, चेसिस आणि इंजिन नंबर काय. आपण हिला फियाटच म्हणतो, पण 1974 पासून ती कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी आहे, त्याआधी थोडा काळ प्रेसिडेंट होती आणि त्याआधी फियाट डिलाइट. बॅकलॉगला क्लार्कने घाईत काहीतरी वेगळंच टाईप केलं तर पुढे विम्यापासून सगळीकडे अडतं, तेव्हा स्क्रीनवर एकदा स्वतः वाचून घ्या.

चेसिस नंबर. इथे मला तुमच्या पत्र्याच्या कामाची काळजी वाटते. गाडीवर जिथे नंबर कोरलाय तो भाग तुमच्या टिनवाल्याने घासलाय का, त्यावर पुट्टी किंवा पेंट गेलाय का, हे आज संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा. आरटीओत पेन्सिल प्रिंट लागते, कागद ठेवून पेन्सिल घासून नंबरची छाप घ्यायची, आणि ती आरसीशी जुळली पाहिजे. आता गाडी उघडी आहे तोवर चांगल्या दोन-तीन छापा घेऊन ठेवा, आणि नंबरचा फोटो, आजूबाजूचा पत्रा दिसेल असा. हे पत्र वाचणाऱ्या ज्या कुणाची गाडी आत्ता डेंटिंगला आहे त्यांनी पण हेच करा, सँड ब्लास्टिंगच्या आधी. नंबरच जुळत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याचं खाली लिहितो.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी फी ही यातली सगळ्यात लहान बाजू आहे असं पूर्वी म्हणता यायचं, आता तेवढं नाही. मोटारीच्या री-पासिंगची फी 2022 मध्ये 5 हजार झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींना 10 हजार केली. पासिंग उशिरा केल्याचा दंड 2022 च्या नियमात महिन्याला 500 रुपये आहे, आणि तुमचं 2008 पासून थकलंय, म्हणून एजंटच्या तोंडच्या आकड्यावर न जाता काउंटरवर आधी लेखी आकडा काढून घ्या आणि मगच पुढचं ठरवा. त्यात पर्यावरण कर येईल, जुना टॅक्स राहिला असेल तर त्याचं व्याज येईल, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट येईल. हा सगळा आकडा आणि वारसांच्या सह्या, या दोन गोष्टी हातात आल्या की तुम्हाला पहिल्यांदा खरोखर कळेल की पुढे जायचं की नाही. आत्ता तुम्ही जे विचारताय ते अंधारात विचारताय.

कागद जमले असं धरू. मग इंजिन. जाम इंजिन म्हणजे गेलेलं इंजिन असं नसतं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन साधं आहे, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, घासून घासून परत उभं करता येण्यासारखं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बऱ्याचदा रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात. प्लग काढायचे, भोकातून डिझेल किंवा पातळ ऑइल सोडायचं, काही दिवस तसंच मुरू द्यायचं, मग हाताने पुलीवरून हळूहळू फिरवून बघायचं, सेल्फ मारायचा नाही आणि गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायची तर अजिबात नाही. हललं तर हेड उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बघायचा. तुमच्या मेकॅनिकने हे केलंय का? मला शंका आहे, कारण त्याला मारुतीचं इंजिन येतं आणि फियाटचं येत नाही, आणि ज्याला जे येतं ते तो सुचवतो, त्यात त्याचा दोष नाही. पण इंजिन बदललं तर इंजिन नंबर बदलतो, तो आरसीवर चढवायला आरटीओची परवानगी लागते, दुसऱ्या कंपनीचं इंजिन असलं की ते जवळजवळ नाहीच होत, आणि तुमची गाडी पासिंगच्या दिवशी पहिल्याच तपासणीत परत येते. म्हणजे दीड लाख घालून तुम्ही पास होणारी गाडी नापास करून आणणार. त्यापेक्षा एखादा जुना फियाटवाला मिस्त्री शोधा, नाशिकमध्ये नसेल तर मुंबईत टॅक्सीवर हात बसलेले अजून आहेत, फोनवर विचारून तुमच्या मेकॅनिकला सांगतील तरी. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं साध्या मशीन शॉपवर होतात, नाशिकला एमआयडीसीच आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरपर्यंत जायची तुम्हाला गरजही पडू नये. पार्ट्सचं म्हणाल तर टॅक्सीमुळे ते खूप वर्षं बनत राहिले, अजून कुर्ल्याला, पुण्याच्या नाना पेठेत विचारलं तर निघतात, बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हँडल, काचा, मीटर असलं काहीबाही मिळतं. बाकी टिकाऊ म्हणून विकतात ते हातात घेऊन बघा, रबरी सामान जुन्या स्टॉकचं असेल तर नवीन पाकिटातलं असलं तरी ते मेलेलं असतं.

इंजिनाच्याही आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणारच, ब्रेक ऑइल पाणी धरतं. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं नवीन, यात काटकसर नको. स्टील पाइप गंजला असेल तर तोही. टायर दिसायला नवे असले तरी साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, आणि वाड्यात उभ्या गाडीच्या टायरवर चार आकडेच नसतील तर ते मागच्या शतकातले आहेत, बदला. मग पत्रा. तुम्ही पत्र्याचं काम झालं म्हणताय, पण कुठलं झालं? पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे, त्यामुळे दाराखालचा सिल, फ्लोअर, जॅक लावतो ती जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, इथे गंज असेल तर ते दिसण्याचं नाही, ताकदीचं काम आहे. तिथे नवा पत्रा वेल्ड केलाय की पुट्टी भरलीये? चुंबक घेऊन फिरा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. चुंबकाला कापड गुंडाळा म्हणजे पेंट खरचटणार नाही.

पेट्रोलचं एक नवीन झालंय. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि 1978 च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचे वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, गळतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग. इथेनॉल चालणारे होज मिळतात, तेच टाका, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, ते पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते. टाकी उतरवून धुवून घ्याच, नाहीतर त्या गंजाने कार्बोरेटर परत परत चोक होईल आणि तुम्ही मेकॅनिकला शिव्या द्याल. कार्बोरेटर नीट लागला की पीयूसी निघते, इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, हे काही अशक्य नाही, मिक्श्चरचा स्क्रू जाणणारा माणूस हवा. रेडिएटरचा कोअर (आतली जाळी) नवा करून घ्या, नाहीतर कसारा घाटात वर येताना उकळेल आणि मग बॉनेट उघडून बाटलीने पाणी घालतानाचे तुमचे फोटो लोक काढतील.

पासिंगला नेताना गाडी चालवत नेऊ नका, पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं हाच गुन्हा आहे, टोइंगवर न्या. विमा आधी लागेल, थर्ड पार्टी तरी, ऑनलाइन तीन अक्षरी नंबर बऱ्याच ठिकाणी बसत नाही म्हणून सरकारी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन बोला. आणि सीट बेल्ट, 1978 च्या गाडीत नव्हते, तरी पुढे दोन बसवाच, पण नुसता पत्र्याला बोल्ट मारून नाही, आतून जाड पट्टी वेल्ड करून.

आता घरचं. तुम्ही लिहिलंय बायकोला काडीचा इंटरेस्ट नाही, आणि त्याच वाक्यात तिचं बोलणं दिलंय, यात बसायचं कधी. ज्याला इंटरेस्ट नसतो तो विकून टाक म्हणतो हो! ती बसायचं कधी विचारतेय. मला वाटतं तिला गाडीचा त्रास नाही, त्रास याचा आहे की हे कधी संपणार आणि किती लागणार हे घरात कुणालाच माहीत नाही, तुम्हाला पण नाही. 65 हजार, मग 1 लाख 40 हजार, आता दीड लाख, उद्या अजून काही. महिन्याच्या पगारातून हे चाललं असेल तर तिने विचारायलाच हवं. एका कागदावर लिहा, आतापर्यंत काय गेलं, आरटीओचा लेखी आकडा काय, ब्रेक-टायर-पेट्रोल लाइनचं एस्टिमेट काय, इंजिनाचं काय, आणि याच्यापुढे एक रेघ मारा की एवढ्याच्या वर नाही. ती रेघ दोघांनी मिळून मारा. आणि सीटच्या कापडाचा रंग वगैरे जे राहिलंय ते तिला विचारा, म्हणजे तिलाही त्यात काहीतरी ठरवायला मिळेल, पण उगाच मन राखायला नको, तिला खरंच नको असेल तर नको.

समजा सह्या मिळाल्या नाहीत किंवा चेसिस नंबर जुळला नाही. मग थांबायचं, आणि हे वाईट वाटलं तरी तिथे थांबायचंच. तशी गाडी रस्त्यावर आणायचा सरळ मार्ग नाही. तुमच्याकडे जागा असेल तर अंगणात शोभेला ठेवा, नाहीतर ज्याच्या पद्मिनीचे कागद धड आहेत आणि पार्ट्स हवेत अशा कुणाला पार्टसाठी द्या, बंपर तर तुमचे चांगलेच झालेत. पण विकताना "रनिंग, कागद करून घेता येतील" असं सांगून पुढच्याच्या गळ्यात मारू नका, ज्या खड्ड्यात तुम्ही पडलात त्यात दुसरा. आत्ताच विकायचं म्हणाल तर आत्ता विकलीत तर कागद नसलेली, इंजिन जाम, अर्धवट पेंटवाली गाडी विकणार आहात, आणि त्याला भंगाराच्या आसपासच भाव येईल. सह्या आणि आरसी नीट झालेली, इंजिन बंद असलेली पद्मिनी सुद्धा त्याहून बऱ्या किमतीला जाते. म्हणजे विकायची असली तरी कागद आधीच, दोन्ही रस्ते तिथूनच जातात.

आणि हो, रंग. पत्रात तुम्ही शेवटी लिहिलंत की मूळ क्रीम रंग काढून लाल-काळा डबल कलर करायचाय. आरसीवर रंग लिहिलेला असतो, बदलला तर तो बदल आरटीओत नोंदवावा लागतो आणि आधीच तुमची फाइल जाड होणार आहे. क्रीमच ठेवा निदान पासिंग होईपर्यंत, मग बघू.